माळावरचं पाणी

साखरबाईच्या टाळूवर रुपयाएवढा एक गुळगुळीत चट्टा होता. तिथं केस उगवत नसत. डोक्यावरचा पदर कधी चुकून ढळला की तो दिसायचा, आणि ती चटकन पदर ओढून घ्यायची. नवी नवरी होऊन या माळावर आली तेव्हा तिच्या वेणीचा शेपटा कंबरेखाली लोंबायचा, असं तिची जाऊ सांगत असे. पुढं डोईवर चुंबळ आली. चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी आणि पायाखाली चढ. सकाळ-संध्याकाळ हेच. केसांनी तरी किती दिवस तग धरायचा?

बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या वरच्या अंगाला जो उघडाबोडका माळ लागतो, त्यावर तिचं घर होतं. कालवा खाली, घर वर. कालव्याच्या खालच्या बाजूला ऊस उभा, वरच्या बाजूला कुसळं. तिचा नवरा दत्तोबा तीन भावांत धाकटा आणि स्वभावानं अगदी गरीब. थोरल्यांनी वाटणीला बसताना आधी त्याला पान लावून दिलं, आणि त्याचा विडा रंगेपर्यंत वाटणी उरकून घेतली. खालची भिजणारी जमीन त्या दोघांकडं गेली आणि माळ याच्या गळ्यात पडला. दत्तोबानं कधी तक्रार केली नाही. ‘हवा चांगली हाय हितली,’ एवढंच तो म्हणायचा. साखरबाईला त्या हवेचा फार राग होता.

असल्या माळावर परसबाग करायचं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, ते तिचं तिलाच ठाऊक. कुदळ मारली की ठिणगी उडायची अशी ती जमीन. वर चार बोटं मुरूम, खाली काळा फत्तर. पण दर साली कालवा बंद करून सरकारी माणसं गाळ काढायची आणि तो काठावर तसाच टाकून जायची. साखरबाईनं तो गाळ बघितला आणि पाटी घेऊन गेली. पाणी आणायला जायचंच आहे, तर एक खेप गाळाची, असा तिचा हिशोब. तिनं पहारेनं मुरमात आळी खणली, त्यांत गाळ आणि लेंडीखत भरलं, आणि दोन-तीन वर्षांत घरामागं दोडकी, घेवडा, भोपळा, कारली असे वेल कुडावर चढवले. जाऊ खालच्या मळ्यातून मुद्दाम बघायला आली आणि तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, ‘‘दगडाला पाजर फोडलास की गं, बया.’’ जाताना मात्र पदरात दोडकी घेऊन गेली.

तळं त्यानंतरचं. घर बांधताना दत्तोबानं मागच्या खडकातून दगड काढले होते, तिथं एक मोठा खड्डा पडला होता. उतारावरून येणारं पावसाचं पाणी दगडांची ओळ घालून साखरबाईनं त्यात वळवलं. पाणी भरायचं आणि आठ दिवसांत नाहीसं व्हायचं. मग तिनं एक युक्ती केली. सकाळी वारा पडलेला असताना तिनं पाण्यावर चुलीतली राख भुरभुरली आणि काठाशी बसून राहिली. राख सावकाश एका कोपऱ्याकडं सरकायला लागली. चीर तिथं होती. चिरेत तिनं चिंध्या आणि माती ठासली. मग गाळ, शेण, राख आणि भुसा एकत्र कालवून तो चिखल खड्ड्याच्या तळाला पसरला आणि पायांनी तुडवला. तुडवून तुडवून तो लोण्यासारखा मऊ केला, तेव्हा कुठं पाणी ठरलं. त्यानंतर दर उन्हाळ्याच्या आधी काठ उघडे पडले की हे तुडवणं करावंच लागे.

या तुडवण्यात तिच्याबरोबर तिची लेक असायची. म्हाळसा. आधीची दोन गेली होती, ही एकच राहिली. परकर वर खोचून ती आईच्या हाताला धरून चिखलात थयथय नाचायची. बाजारातलं खेळणं तिला मिळालं नाही, पण एवढं मोठं तळं कोणाच्या पोरीला मिळालं होतं? एकदा कालवा बंद होता, तेव्हा डबक्यांत अडकलेले बोटाच्या पेराएवढे मासे तिनं भोपळ्याच्या तुंबडीतून वर आणले आणि तळ्यात सोडले. ते तगले, वाढले, पिलावळ झाली. पाण्यातले वळवळणारे किडे ते मटकावून टाकायचे. त्यामुळं तळ्यावर डास फिरकत नसत, पण हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जे नाही ते कोणाच्या डोळ्यांवर कसं येणार?

म्हाळसा मोठी दिसायला लागली, हाताखाली यायला लागली. स्वयंपाक, गुरं, झाडलोट, सगळं करायची. एक काम मात्र साखरबाईनं तिला कधी करू दिलं नाही. पाणी. ‘‘माझ्या पोरीच्या डोईला चुंबळ लागायची न्हाय,’’ असं ती चारचौघींत बोलून दाखवायची. बाया नाकं मुरडायच्या. थोराड पोर रिकामी आणि आई घागरी वाहतेय, हे काय वळण झालं? म्हाळसालाही ते टोचायचं. चढाच्या मध्यावर एक बाभूळ होती. आई यायच्या वेळी ती तिथं येऊन उभी राहायची.

‘‘आई, कळशी तरी दे.’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग काय दिऊ मी तुला?’’

‘‘हात दे. बास.’’

आणि मग एका हातानं घागर सावरत, दुसऱ्या हातात लेकीचा हात धरून साखरबाई उरलेला चढ चढायची. त्या हातानं ओझं काही कमी होत नव्हतं. पण तिला ते कमी वाटायचं, आणि वाटणं हेच पुष्कळ असतं.

म्हाळसा सोळाची झाली. दोन स्थळं आली. एक माळावरच्याच वस्तीतला भीमा. जमीन कोरडवाहू, पण पोरगा निर्व्यसनी, कष्टाळू, म्हाळसाला लहानपणापासून ओळखणारा. दत्तोबाच्या मनात तोच भरला होता. पोरगी हाकेच्या अंतरावर राहील, हा बापाचा स्वार्थ. दुसरं स्थळ काटेवाडीच्या पुढं तांबेमळ्यातलं. हिंदुराव नावाचा मुलगा, वडील वारलेले, घरात आई एकटी, आणि घराच्या मागल्या दारातून कालव्याचा पाट वाहत होता.

साखरबाईनं काय करावं? बाजाराच्या निमित्तानं ती परस्पर तांबेमळ्यात जाऊन आली. बाईमाणसानं असं स्थळ बघायला जाणं रीतीला धरून नव्हतं, पण ती गेली. परत आली ती फुललेल्या चेहऱ्यानं.

दत्तोबानं विचारलं, ‘‘पोरगा कसा हाय?’’

‘‘पाट बारमाही हाय.’’

‘‘अगं, पोरगा इचारतोय मी!’’

‘‘पोरगा बी बरा असंल की. मागल्या पायरीवर बसलं का पाय पाण्यात बुडत्यात, अवो. बसल्या जागी घागर भरती. तुमास्नी काय कळायचं त्यातलं?’’

दत्तोबानं हात टेकले. त्या बाईच्या टाळूवरचा चट्टा त्यानं रोज बघितला होता. भीमाला नकार गेला. त्यानं त्याच वर्षी माळावरच्याच एका मुलीशी लग्न केलं.

म्हाळसाला कोणी विचारलं नव्हतं, तशी तेव्हा रीतही नव्हती. हळदीच्या आदल्या दिवशी तळ्याकाठी बसून ती एवढंच म्हणाली, ‘‘तितं तळं न्हाय, आई.’’

‘‘येडी का खुळी? दारातनं नदी वाहतीय जणू, आन् तळं काय मागती!’’

पाठवणीच्या वेळी साखरबाईनं तिच्या ओटीत तांदळाबरोबर दोडक्या-भोपळ्याचं बी घातलं. बायांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. साखरबाईच्याही लागल्या, पण आतून तिला जिंकल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात एवढी एक गोष्ट तिनं आपल्या मनासारखी करून घेतली होती.

म्हाळसा पहिल्या सणाला आली तेव्हा अंगानं भरली होती. सासू फुलाबाई मायाळू, नवरा सरळ. तक्रार करायला काही नव्हतंच, म्हणून तिनं शोधून काढलं.

‘‘तू दिल्यालं बी समदं कुजलं बघ. मागं नुसता चिखल हाय. पाय कधी कोरडंच ऱ्हात न्हाईत. आन् आई, दगड म्हून सापडत न्हाय तितं. भांडी घासाया बसावं तर दगड न्हाय.’’

साखरबाईनं ही गोष्ट वस्तीभर सांगितली. ‘‘माझ्या पोरीचं गाऱ्हाणं काय, तर दगड न्हाय!’’ आणि सांगताना तिचा ऊर भरून यायचा. ज्या दगडांनी तिचा जन्म खाल्ला त्यांची तिच्या लेकीला आठवण येत होती. सुखात असलेल्या माणसाचंच हे दुखणं, असं ती समजली.

पुढच्या पावसाळ्यानंतर तांबेमळ्यात हिवताप सुरू झाला. तो दर साली यायचा. वालचंदनगरला कारखाना निघाल्यापासून उसाला आणखी जोर आला होता. शेतातलं पाणी पाझरून घरांमागं डबकी साचायची आणि दिवेलागणीला डासांचे थवे उठायचे. तिथली माणसं त्याला सरावली होती. पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळायच्या, त्या घ्यायच्या, दोन दिवस घोंगडीखाली कुडकुडायचं आणि तिसऱ्या दिवशी उसात शिरायचं. म्हाळसाला ते साधलं नाही. माळावरच्या कोरड्या वाऱ्यात वाढलेलं अंग ते. एक ताप उतरला की दुसरा यायचा.

मार्गशीर्षात हिंदुराव तिला बैलगाडीत घालून माळावर घेऊन आला. साखरबाई हातातलं सूप टाकून गाडीकडं धावली. पोर हळदीसारखी पिवळी झाली होती. पोटात डाव्या बाजूला पानथरी म्हणजे प्लीहा वाढून दगडासारखी लागत होती. बारामतीच्या एका जुन्या वैद्यानं नाडी बघून सांगितलं, ‘‘औषध चालू द्या. पण खरं औषध हा माळ आहे. वर्षभर हिला पाण्याच्या गावी पाठवू नका.’’

आणि खरंच, माळ लागू पडला. महिना-दीड महिन्यात म्हाळसाच्या ओठांवर रंग दिसायला लागला. ती काठी टेकत तळ्यापाशी जायची, माशांना भाकरीचा चुरा टाकायची. मग काठी सुटली. माघात तळ्याचे काठ उघडे पडले तेव्हा आई नको नको म्हणत असताना तिनं परकरासारखं लुगडं वर खोचलं आणि चिखल तुडवला. बसल्या बसल्या खुरप्यानं जुनी आळी उकरून मोकळी केली. आखितीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आळ्यांत बी टाकायचं, त्या बियाचा वेल आटत नाही, असं आमच्याकडं धरून चालतात. म्हाळसाचा सगळा जीव त्या आखितीवर लागला होता.

अशात एक दिवस फुलाबाई सुनेला बघायला आली. सुनेचा बदललेला रंग बघून तिनं दोन्ही हातांनी तिच्या तोंडावरून बोटं मोडली. मग चहाच्या वेळी म्हणाली, ‘‘गुऱ्हाळ लागलंय, साखरबाई. जेवाया धा माणसं. माजं हात काय पुरत न्हाईत. लोक बी इचारत्यात, सून कुटं हाय म्हून. पर ऱ्हाऊ द्या, बरी हुतीया तर ऱ्हाऊ द्या.’’

एवढंच ती बोलली, आणि मनापासून बोलली. पण साखरबाईच्या डोक्यात किडा शिरला. लोक विचारतात. आज विचारतात, उद्या सुचवतील. हिंदुरावाचं वय ते काय? माहेरी बसलेल्या आजारी बायकोची वाट तो किती दिवस बघेल? मग दुसरी येईल, पाटाच्या पायरीवर दुसरीच कोणी बसेल आणि आपली पोर या चढावर घागरी वाहत म्हातारी होईल. एवढ्या खटपटीनं मिळवलेलं पाण्याचं घर तिला हातचं जाताना दिसायला लागलं. वैद्याचं बोलणं तिला आठवत होतं. पण पोर बरी दिसत होती ना? डोळ्यांसमोर चिखल तुडवत होती ना?

‘‘जा तू,’’ ती म्हणाली. ‘‘तुजी सासू देवमाणूस हाय. तिला तंगवू नगं.’’

‘‘आखितीपत्तुर ऱ्हाते की, आई. आळी भरती, बी टाकती, मग जाते.’’

‘‘आळी मी भरीन. तू तुज्या पाण्याच्या घरी जा.’’

दत्तोबा दारात उभा होता. तो एकदाच म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे गं पोरीला.’’ साखरबाईनं कान दिला नाही. म्हाळसा फुलाबाईबरोबर चढ उतरून गेली. बाभळीपाशी तिनं वळून बघितलं.

शिमग्याच्या आधी हिंदुराव पहाटेचा चालत आला. त्याचं तोंड बघूनच दत्तोबा काय ते समजला. ताप उलटला होता, आणि या खेपेला त्यानं दोन दिवससुद्धा दिले नव्हते. ती दोघं तांबेमळ्यात पोचली तेव्हा म्हाळसाला अंगणात आणून ठेवलं होतं. मागल्या दारी पाट खळखळ वाहत होता. साखरबाईला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

दहाव्याला हिंदुराव तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘मामी, शेवटाला ती पानी मागत हुती. तळ्याचं पानी दे म्हनायची. म्या पाटाचं आनून तोंडाला लावलं. तिनं मान फिरवली. मला वाटलं, तापात बरळतीय. एवढं पानी दारात असताना...’’ आणि तो पुरुष माणूस हमसाहमशी रडला.

साखरबाई घरी परत आली. जावई आणि विहीण, वैद्य आणि औषध, कोणालाच बोल लावायला जागा नव्हती. पाणी बघून पोर दिली ती तिनं. आजारातून उठलेली पोर परत पाठवली तीही तिनंच. एके दिवशी तिला चढावरून भीमाची बायको येताना दिसली. डोईवर दोन घागरी, कडेवर मूल, घामानं थबथबलेली, आणि वर कोणाशी तरी मोठ्यानं बोलत, हसत. अशा बाईची साखरबाईला जन्मभर कीव आली होती. त्या दिवशी तिनं तिच्याकडं बघितलं आणि तिला वाटलं, आपण हिच्या आईच्या पाया पडावं.

चैत्रात ऊन तापलं आणि तळं खाली जायला लागलं. साखरबाईनं वेलांना पाणी घालायचं बंद केलं. तळ्यावर तिनं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, ऊन लागू नये आणि शेरडांनी तोंड घालू नये म्हणून. कुडावरचा घेवडा वाळला. कारल्याची पानं करपली. तिनं गाळ वाहून, लेकरासारखी जपलेली बाग तिच्या डोळ्यांदेखत जळायला लागली.

दत्तोबाला राहवेना. ‘‘अगं, तळ्यात पानी हाय आन् येल जाळतीस व्हय? दोन कळश्या घाल की.’’

‘‘त्ये पानी पोरीचं हाय,’’ ती म्हणाली.

गेलेल्या माणसाला आखितीला पाणी द्यायचं असतं. मातीचं नवं मडकं भरायचं, त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि ते पाणी त्याला पोचतं. पण लग्न झालेली लेक ही सासरची. तिच्या नावानं पाणी सासरनं द्यायचं. आईबापाला तो हक्क नाही. साखरबाईनं मडकं भरलं असतं तरी ते पोरीपर्यंत गेलं नसतं. आणि तांबेमळ्यात भरतील ते पाटाचं भरतील. म्हाळसानं मान फिरवली होती ते.

आखितीच्या दिवशी ती उजाडताच तळ्यात उतरली. एका कोपऱ्यात गुडघ्याएवढं गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात मासे दाटीवाटीनं वळवळत होते. मासे तिनं ओंजळीनं तुंबडीत घेतले. पाणी वाटी-वाटीनं पदरातून गाळून कळशीत भरलं. चुंबळ डोईवर ठेवली, तिच्यावर कळशी घेतली, तुंबडी हातात धरली आणि चढ उतरायला लागली. जन्मभर तिनं पाणी वर नेलं होतं. भरलेलं भांडं घेऊन खाली जायची तिची ही पहिलीच खेप. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बाया बघत राहिल्या. एकीनं विचारलं, ‘‘साखरबाई, वरनं खाली पानी? डोकं फिरलं का काय?’’ दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

तांबेमळ्यात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. फुलाबाईनं देवापाशी मडकं मांडलं होतं, अजून भरलं नव्हतं. दारात विहीण उभी बघून ती लगबगीनं पुढं आली. साखरबाईनं कळशी उतरवली.

‘‘तळ्याचं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मला द्याया येत न्हाय. तुमी द्या.’’

फुलाबाईनं हिंदुरावाला हाक मारली. त्यानं दोन्ही हातांनी कळशी उचलली आणि त्या पाण्यानं मडकं काठोकाठ भरलं. बायकोचं नाव घेतलं. साखरबाई भिंतीला टेकून बघत होती. या वेळी तरी पोरीनं मान फिरवली नसेल, असं तिला वाटलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. फुलाबाई तिला पोटाशी धरून बसली.

निघताना तिला तुंबडीची आठवण झाली. मागल्या दारी साचलेल्या डबक्यात तिनं मासे सोडले. डबक्यावर डास घोंघावत होते. मासे क्षणभर बावरले आणि मग पाण्यात दिसेनासे झाले.

‘‘रिकामं भांडं नेऊ नगासा,’’ असं म्हणून फुलाबाईनं तिची कळशी पाटावर भरली. ती रीतच आहे. आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. साखरबाईनं ती डोईवर घेतली.

उन्हं कलली तेव्हा ती माळाच्या चढाला लागली. पायांना सवय होती, डोक्याला सवय होती, कळशी एका थेंबानं हिंदकळली नाही. बाभूळ आली. साखरबाई थांबली आणि तिनं मोकळा हात बाजूला धरला.

हात तसाच राहिला. वाऱ्यानं बाभळीच्या वाळक्या शेंगा वाजल्या. कळशी तिरकी झाली आणि थोडं पाणी तिच्या खांद्यावरून खाली सांडलं. मग तिनं तो हात वर नेऊन कळशीला लावला आणि ती चढायला लागली. म्हाळसानं उकरलेली आळी दिवस मावळायच्या आत भरायची होती.